दोरांचा जाणकार : हॅरी हूडिनी

मंडळाच्या स्मरणिकेत एका तरी थोर व्यक्तीचा परिचय असावा, असा आपला प्रघात आहे. समाजसेवक, संत आणि शिक्षणतज्ज्ञ यांच्या पंक्तीला यंदा मी एका जादूगाराला बसवीत आहे. काही भगिनींच्या भुवया त्यामुळे वर जातील. परंतु ज्याने आयुष्यभर स्वतःला दोरांनी बांधून घेतले आणि त्याच दोरांच्या ज्ञानाने लोकांच्या मनांवरील एक गाठ सोडविण्याचा यत्न केला, त्याची हकीगत आपल्या मंडळाला परकी वाटू नये.

हॅरी हूडिनी हे त्याचे रंगभूमीवरील नाव. मूळ नाव एरिक वाइस. जन्म 24 मार्च 1874 रोजी, हंगेरीतील बुडापेस्ट शहरी. वडील ज्यू धर्मोपदेशक होते. एरिक चार वर्षांचा असताना, 1878 साली, आई सेसिलिया मुलांना घेऊन अमेरिकेस गेली आणि कुटुंब अ‍ॅपलटन या गावी राहू लागले. पुढे वडिलांची ती नोकरी सुटली आणि घरात दारिद्र्य आले. मुलांनी मिळेल ती कामे केली. न्यूयॉर्कला आल्यावर एरिक नेकटायच्या कारखान्यात कापड कापण्याचे काम करी. फावल्या वेळात रोबेर-हूदँ या फ्रेंच जादूगाराचे आत्मचरित्र त्याच्या वाचनात आले आणि त्या नावावरून त्याने स्वतःला हूडिनी हे नाव घेतले. 1892 साली वडील वारले. आईचा सांभाळ हे त्यानंतर त्याच्या आयुष्याचे व्रतच झाले.

1894 साली त्याचे बेस या तरुणीशी लग्न झाले. ती कॅथलिक घरातली, अंगाने लहानखुरी, पण मोठी धीट. दोघांचा पेटीचा खेळ असे. हूडिनीचे हात दोराने बांधावयाचे, त्याला पोत्यात घालावयाचे, पोत्याचे तोंड आवळावयाचे, पोते पेटीत ठेवून कुलूप लावावयाचे आणि पेटीलाही बाहेरून दोर गुंडाळावयाचा. मग बेस पडद्याआड जाऊन तीन टाळ्या वाजवी. तिसऱ्या टाळीला पडदा सरे तो हूडिनी बाहेर मोकळा उभा, आणि पेटीतल्या पोत्यात हात बांधलेली बेस! या खेळात निम्मे कसब तिचे होते. लोकांनी नाव मात्र एकाचेच लक्षात ठेवले. हे काही आपल्याला नवे नाही.

आता दोराविषयी. दोर हा आपल्या रोजच्या व्यवहारातला. वाळवणाची दोरी, पाळण्याची दोरी, बिऱ्हाड हलविताना सामानाला लागणारा काथ्याचा दोर, पुडीची सुतळी. कोणता दोर कशाला, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. हूडिनीचे शास्त्र याच अनुभवावर उभे होते. 1921 साली दोरांची बंधने आणि त्यांतून सुटका या विषयावर त्याचे एक पुस्तकही निघाले.

प्रथम लांबी. पाहणाऱ्याला वाटते, दोर जितका लांब तितके बंधन पक्के. खरे तर उलट आहे. वीस-पंचवीस हात दोर अंगाभोवती गुंडाळणारा माणूस पहिल्या चार फेऱ्या जोर लावून आवळतो आणि पुढे थकतो. शिवाय प्रत्येक फेरीत थोडी थोडी ढील राहतेच. ती सारी ढील एका बाजूला ओढून घेतली की हात सुटण्यापुरती जागा होते. जाणत्या माणसाच्या हातातला चार हात बारीक दोर मात्र मनगटे जखडून टाकतो. म्हणून लांब दोर सुटणाऱ्याचा मित्र, आखूड दोर त्याचा वैरी.

दुसरी गोष्ट जाडी. जाड व ताठ दोराची गाठ घट्ट बसत नाही. दोर वाकावयास नाराज असतो आणि गाठीच्या पोटात पोकळी राहते. बारीक दोरी मांसात रुतते आणि तिची निरगाठ नखानेही निघत नाही. पुडीच्या सुतळीची निरगाठ सोडताना आपण शेवटी सुरीच आणतो, ते यासाठीच.

तिसरी गोष्ट जात. मऊ विणीची सुती दोरी कातडीला सोलत नाही आणि हातावरून सरकते. म्हणून रंगभूमीवर ती सोयीची. तागाचा किंवा काथ्याचा दोर खरखरीत असतो. त्याचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात आणि अंगाला ओरबाडतात. रेशमी दोर गुळगुळीत, त्याची गाठ निसटू पाहते. ओल्या दोराची गोष्ट तर निराळीच. सुती व तागाचे दोर पाण्याने फुगतात आणि फुगल्याने आखडतात. पावसाळ्यात वाळवणाची सुती दोरी आपोआप ताठ होते, हे आपण पाहिलेलेच आहे. बांधलेल्या माणसावर पाणी ओतले तर तोच दोर त्याचा छळ करतो. आज आपल्या गॅलऱ्यांतून नायलॉनची दोरी दिसते. ती अशी आखडत नाही, पण ताणली की लांबते. हूडिनीच्या काळी ती नव्हतीच. नायलॉन जगासमोर आले 1938 साली.

दोराइतकेच महत्त्व शरीराला. बांधून घेताना तो छाती फुगवी, स्नायू ताठ करी, मनगटे किंचित तिरपी धरी. बांधून झाल्यावर श्वास सोडला की दोर आपोआप सैल. यात मंत्र नाही, व्यायाम आहे. एक मात्र निक्षून सांगते : मुलांनी हे खेळ करून पाहू नयेत आणि दोर गळ्याभोवती कधीही येऊ देऊ नये. खुद्द हूडिनी 1915 साली जमिनीत पुरून घेण्याच्या प्रयोगात गुदमरून मरता मरता वाचला.

1899 साली मार्टिन बेक या नाट्यव्यावसायिकाने त्याला हाती धरले आणि 1900 साली तो लंडनला गाजला. 1902 साली जर्मनीत एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला लबाड म्हटले, तेव्हा त्याने कोर्टात दावा लावून तो जिंकला. 1908 साली पाण्याने भरलेल्या कुलूपबंद दुधाच्या कॅनमधून, तर 1912 पासून पाय जखडून उलटे टांगलेल्या स्थितीत पाण्याच्या पेटीतून तो सुटू लागला. पैसा आला, कीर्ती आली.

जुलै 1913 मध्ये तो कोपनहेगनला असताना आई गेल्याची तार आली. तो तातडीने परतला. त्याच्यासाठी अंत्यविधी थांबविला होता. या दुःखातून तो कधीच पुरता सावरला नाही. आईचा एक शब्द पुन्हा कानी पडावा, ही त्याची आस राहिली.

त्या काळी युरोप-अमेरिकेत मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांचे मोठे प्रस्थ होते. पहिल्या महायुद्धात मुलगे गमावलेल्या आया त्यांच्या दारी रांगा लावीत. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल हे हूडिनीचे स्नेही आणि या पंथाचे कट्टर पुरस्कर्ते. 1922 च्या जून महिन्यात त्यांच्या पत्नीने एका बैठकीत हूडिनीच्या आईचा म्हणून लांबलचक संदेश लिहून दिला. संदेश इंग्रजीत होता आणि त्याच्या माथ्यावर क्रूस काढलेला होता. ज्यू धर्मोपदेशकाच्या पत्नीने क्रूस काढावा, आणि जिला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते तिने इंग्रजीत लिहावे, हे त्याला पटेना. मन आसुसलेले असताना त्याने असत्य स्वीकारले नाही. मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रयोग वाटतो. पाण्याची पेटी त्यापुढे काहीच नाही. पुढे ती मैत्री तुटली.

आणि येथेच दोराचे ज्ञान उपयोगी पडले. 1860 च्या सुमारास डेव्हनपोर्ट बंधू कपाटात दोरांनी बांधून घेत. अंधारात वाद्ये वाजत आणि ती भुते वाजवितात असे लोक मानीत. हात बांधलेले, मग वाद्य वाजविणार कोण? सारा विश्वास त्या दोरावर. हूडिनीने वृद्ध आयरा डेव्हनपोर्टची भेट घेतली आणि बंधन सैल करून पुन्हा हात अडकविण्याची युक्ती त्याच्याकडूनच समजून घेतली. ज्याला दोर कळतो, त्याला हात मोकळा झाला हेही कळते. 1924 साली बॉस्टनच्या मार्जरी नावाच्या प्रसिद्ध माध्यमबाईची परीक्षा घेणाऱ्या समितीत तो होता. तिचा दावा त्याने अमान्य केला. त्याच वर्षी त्याने या विषयावर पुस्तक लिहिले आणि 1926 साली पैसे घेऊन भविष्य सांगण्यावर बंदी घालणाऱ्या विधेयकाच्या बाजूने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. ते विधेयक संमत झाले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात माँट्रियल येथे एका विद्यार्थ्याने त्याच्या पोटावर ठोसे मारले. आंत्रपुच्छ फुटून विष पसरले होते, तरी डेट्रॉइटला अंगात सणसणून ताप असताना त्याने खेळ केला. 31 ऑक्टोबर 1926 रोजी, वयाच्या 52 व्या वर्षी, त्याचे निधन झाले. आईची पत्रे उशाशी ठेवून त्याला तिच्याजवळच पुरले. मरणानंतर काही उरत असेल तर आपण ठरलेल्या सांकेतिक शब्दांनी कळवू, असे त्याने बेसला सांगून ठेवले होते. तिने दहा वर्षे वाट पाहिली आणि 1936 साली शेवटची बैठक घेऊन तो अध्याय मिटविला.

आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्धचा कायदा 2013 साली झाला. तरीही मूल आजारी पडले, नवऱ्याची नोकरी गेली, की अंगारा देणारा कोणी तरी दाराशी येतोच. आणि तो बहुधा दुपारी, घरात बाई एकटी असताना येतो. दुःखी माणसाला फसविणे सर्वांत सोपे, हे हूडिनीने ओळखले होते. हातचलाखी ही हातचलाखी म्हणून दाखविणारा कलावंत, आणि तीच दैवी शक्ती म्हणून विकणारा भोंदू, हा भेद त्याने पुढील आयुष्यात पाळला. जादूचा खेळ आपण टाळ्या वाजवून पाहावा, मुलांनाही दाखवावा. पण जेथे चमत्काराचे मोल मागितले जाते, तेथे आधी दोर हातात घेऊन तपासावा. आपल्या मंडळातील प्रत्येक भगिनीला ही पारख साधो, एवढीच वर्धापनदिनी सदिच्छा.