पाच वर्षे बोट लागलेला माणूस

मराठीत बोट ‘लागते’. गाडी लागते, एसटी लागते, तशीच बोट लागते. नजर लागावी तशी. ज्याला लागते त्याला ती का लागते हे सांगता येत नाही आणि ज्याला लागत नाही त्याला दुसऱ्याचे हाल समजत नाहीत. मुंबईहून कोकणात बोटी जात असत त्या काळात पिशवीत लिंबू आणि आवळासुपारी ठेवून निघणाऱ्या आजीला हे पक्के ठाऊक होते. आता लोक हौसेने क्रूझवर जातात. जहाज सात-आठ मजली असते, त्यावर पोहण्याचा तलाव असतो, पण तिकीट काढताना मनात पहिला प्रश्न तोच येतो: मला लागली तर?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर एका तरुणाकडे पाहावे. त्याला बोट लागली ती पहिल्या दिवशी, आणि पुढे जवळजवळ पाच वर्षांनी प्रवास संपेपर्यंत ती लागतच राहिली. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

डार्विन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या दाढीचा गंभीर म्हातारा येतो. बीगल जहाजावर चढला तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबेरी गावी त्याचा जन्म झाला. वडील नावाजलेले डॉक्टर. मुलाने आपला वारसा चालवावा म्हणून त्यांनी त्याला एडिंबरोला वैद्यकी शिकायला धाडले. तिथे भूल न देता चाललेली एका लहान मुलाची शस्त्रक्रिया पाहून हा पठ्ठ्या खोलीबाहेर पळाला, तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. मग केंब्रिजला, धर्मोपदेशक होण्यासाठी. तिथे धर्मशास्त्रापेक्षा भुंगेरे गोळा करण्यात त्याचा वेळ अधिक गेला. अशा माणसाला ऑगस्ट १८३१ मध्ये प्राध्यापक हेन्स्लो यांचे पत्र आले. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करायला एक सरकारी जहाज निघाले आहे आणि कॅप्टन फिट्झरॉय यांना सोबतीला निसर्गाची जाण असलेला एक तरुण हवा आहे, अशी ती बातमी होती.

वडिलांनी साफ नकार दिला. मात्र एखाद्या शहाण्या माणसाने जा म्हटले तर परवानगी देईन, अशी एक फट त्यांनी ठेवली. तो शहाणा माणूस घरातच निघाला: डार्विनचा मामा, जोसाया वेजवूड. मामाने मेव्हण्याची समजूत घातली आणि भाच्याचा मार्ग मोकळा झाला. (याच मामाच्या मुलीशी, एमाशी, डार्विनचे १८३९ मध्ये लग्न झाले. आपल्याकडच्या वाचकांना यात नवल वाटायचे कारण नाही.)

जहाज निघायला उशीर होत गेला. प्लिमथ बंदरात त्याला दोन महिने ताटकळावे लागले. या दिवसांत त्याची छाती धडधडे, दुखे. आपल्याला हृदयरोग जडला आहे अशी त्याची खात्री झाली होती, तरी तो डॉक्टरकडे गेला नाही. डॉक्टरने जाऊ नको म्हटले असते तर? डिसेंबरात दोनदा जहाजाने बंदर सोडले आणि दोन्ही वेळा वादळाने त्याला परत लोटले. शेवटी २७ डिसेंबर १८३१ रोजी बीगल खऱ्या अर्थाने निघाले.

आता या जहाजाकडे जरा नीट पाहू, कारण पुढचा सारा त्रास त्याच्या बांधणीत होता. लांबी नव्वद फूट, वजन जेमतेम अडीचशे टन, आत सत्तरहून अधिक माणसे. या जातीची जहाजे वादळात सहज उलटत, म्हणून खलाशी त्यांना शवपेट्या म्हणत. डार्विनला जागा मिळाली ती पिछाडीच्या वरच्या खोलीत. दहा बाय अकरा फुटांची ती खोली, मध्ये नकाशांचे भले मोठे टेबल, आरपार गेलेली डोलकाठी, आणि त्यात आणखी दोन सोबती. रात्री टेबलावरच दोरीची झोळी टांगायची. हा गडी सहा फूट उंच. पाय पसरता यावेत म्हणून भिंतीतल्या कपाटाचा एक खण रोज काढून ठेवावा लागे.

बोट लागणाऱ्या माणसाला द्यायची सर्वांत वाईट जागा कोणती, असे विचारले तर हीच. जहाज लाटांवर हलते ते बागेतल्या सी-सॉसारखे. मध्यावर बसलेल्याला कमी झोके बसतात, टोकावरचा वरखाली आपटत राहतो. शिवाय जितके उंच जावे तितका डावी-उजवीकडचा झोल वाढतो. म्हणून आज क्रूझवर खोली निवडणाऱ्याला जाणकार सांगतात की जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या. डार्विनला निवड नव्हती.

पण पोटाने काय गुन्हा केला? खरे म्हणजे सुरुवात कानात होते. आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोके हलले की द्रव हलतो आणि मेंदूला बातमी जाते. बंद खोलीत बसलेल्याचे डोळे सांगतात की टेबल स्थिर, भिंत स्थिर, सारे ठीक आहे. कान सांगतात की आपण गदगदा हलतो आहोत. दोन साक्षीदारांची साक्ष जुळत नाही आणि मेंदू गोंधळतो. ज्यांच्या आतल्या कानाचे हे काम पूर्ण बंद पडलेले असते त्यांना बोट लागत नाही, हा याचा मोठा पुरावा. या गोंधळाची शिक्षा पोटाला का, याचा पुरता उलगडा अजून व्हायचा आहे. पण उपाय त्यातूनच निघतो. उघड्या डेकवर यावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगू लागतात. नाही तर सरळ आडवे व्हावे आणि डोळे मिटावे. पुस्तक मात्र हातात घेऊ नये.

बिस्केचा उपसागर मुळातच खवळलेला. पहिल्याच दिवसांत डार्विन झोळीतून उठू शकेना. त्यात २८ तारखेला, नाताळात दारू पिऊन दंगा केलेल्या खलाशांना फटके मारले गेले, आणि त्या विचाराने या आजारी मुलाच्या जिवाची आणखीच तगमग झाली. अन्न पाहवत नव्हते. वडिलांनी सांगितलेल्या मनुका तेवढ्या पोटात टिकत. डॉक्टर वडिलांनी प्रवासाला विरोध केला खरा, पण औषध बरोबर दिले. याखेरीज मसाले आणि वाइन घातलेली साबुदाण्याची गरम पेज. कोरडे, थोडे आणि वारंवार खावे, तेलकट टाळावे, पोट अगदी रिकामेही ठेवू नये, हा सल्ला आजही दिला जातो.

दहा दिवसांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, टेनेरिफ बेट दिसले. हम्बोल्टचे प्रवासवर्णन वाचल्यापासून या बेटाचे त्याला वेड होते. पण इंग्लंडात कॉलरा असल्याने बारा दिवस कुणीही उतरायचे नाही असा हुकूम आला. थांबायला वेळ नव्हता, फिट्झरॉयने शिडे फिरवली. इतके सोसून मिळालेले बक्षीस डोळ्यांदेखत मागे पडले.

डार्विनवर कसलीही सक्ती नव्हती, हे इथे लक्षात घ्यायला हवे. तो नौदलाचा नोकर नव्हता. खर्च वडील करत होते आणि हवे तेव्हा उतरून घरी जाण्याची त्याला मुभा होती. या पोराचा धीर टिकेल का, अशी शंका खुद्द कॅप्टनला येत होती. तो उतरला असता तर कुणी दोष दिला नसता. बीगलचे डॉक्टर चार महिन्यांत, वेगळ्याच रुसव्याने, रिओहून परत गेलेही.

डार्विनने काय केले? समुद्र जरा शांत होताच, टेनेरिफ मागे पडून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, त्याने चार फूट खोल कापडी पिशवी शिवली, ती जहाजामागे ओढत ठेवली आणि तिच्यात अडकलेले बारीक समुद्री जीव तपासू लागला. त्या पिशवीने बोट लागायची थांबली नाही. दिवसाला काही काम मिळाले एवढेच. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला स्टोक्स नकाशे काढी, दुसऱ्या बाजूला डार्विन सूक्ष्मदर्शकाशी बसे. तासाभराने मळमळू लागले की तो स्टोक्सला सांगून टेबलाच्या कडेला आडवा होई. बरे वाटले की उठून पुन्हा कामाला. असे दिवसातून कितीदा तरी चाले. औषधाची गोळी तर नव्हतीच. ती यायला आणखी शंभराहून अधिक वर्षे जायची होती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोरमध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला नवे औषध दिले, तर तिला ट्राम लागायची थांबली! मग सैनिकांच्या जहाजावर त्याची चाचणी झाली. आजच्या गोळ्यांपैकी काही त्याच जातीच्या. त्या निघण्यापूर्वीच, डॉक्टरांना विचारून घ्यायच्या. उलट्या सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. झोप येते, हेही ध्यानात ठेवावे.

बहुतेकांना दोन-तीन दिवसांत समुद्राची सवय होते. काहींना होत नाही, आणि त्यात घाबरट-शूर असा भेद नाही. ॲडमिरल नेल्सनला अखेरपर्यंत बोट लागत असे. डार्विनची अडचण अशी की महिनोन्‌महिने जमिनीवर काढून परतले की सवय मोडलेली असे आणि पहिला पाढा पुन्हा सुरू होई. पण त्या जमिनीनेच त्याला घडवले. पावणेपाच वर्षांपैकी प्रत्यक्ष समुद्रावर गेले ते सुमारे दीड वर्ष. बीगल किनारा मोजत मागेपुढे करी आणि हा संधी मिळताच घोड्यावर बसे. १८३३ मध्ये रिओ नेग्रोपासून ब्युनोस आयर्सपर्यंत तो गाउचो गुराख्यांबरोबर गेला. १८३५ च्या मार्चमध्ये त्याने अँडीज ओलांडला आणि हजारो फूट उंचीवर दगडात रुतलेले समुद्री शिंपले पाहिले. त्यानंतर वाल्परायसोहून कोपियापोला, सरळ रेषेत मोजले तरी ४२० मैल, तो खुष्कीने गेला आणि जहाज त्याला न्यायला पुढे आले. पाहण्याची ओढ त्याला होतीच. मला वाटते, बोट लागण्याने तिला धार आली.

समुद्राबद्दल मात्र त्याचे मत कधीच निवळले नाही. घराकडे तोंड वळले असताना मोजमाप तपासण्यासाठी फिट्झरॉयने १८३६ मध्ये जहाज पुन्हा ब्राझीलकडे वळवले, तेव्हा बाहियाहून बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने समुद्राचा आणि त्यावर चालणाऱ्या यच्चयावत जहाजांचा मनापासून उद्धार केला. प्रवासावरच्या पुस्तकाच्या शेवटीही तो लपवाछपवी करत नाही. बोट लागत असेल तर निघण्यापूर्वी नीट विचार करा, आठवड्यात बरे होणारे हे दुखणे नव्हे, असे बजावतो. आणि तरीही तरुणांनी प्रवासाला निघावेच, असेही सांगतो.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी बीगल फालमथला लागले. घोडागाडीने तो श्रूजबेरीला पोचला तेव्हा रात्र झाली होती, घर झोपले होते. कुणाला न उठवता तो निजला आणि सकाळी न्याहारीच्या वेळी वडील आणि बहिणींसमोर जाऊन उभा राहिला.

पुढे आयुष्यभर त्याला मळमळ आणि उलट्यांचा त्रास होत राहिला. लोक बोटीला दोष देत, त्याला स्वतःला ते पटत नसे. कारणाबद्दल डॉक्टरांमध्ये आजही वाद आहेत. १८८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४५ वर्षांहून अधिक काळ, त्याने ब्रिटन सोडले नाही. परदेशी जाणारे जहाज पुन्हा नाहीच. फार तर दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट बेटापर्यंतची अरुंद खाडी. १८५८ च्या जुलैत, घरात तान्हे मूल तापाने गेल्यावर, उरलेल्या मुलाबाळांना घेऊन तो या बेटावर गेला. आणि तिथेच सँडाउन गावातल्या हॉटेलात बसून त्याने जो मजकूर लिहायला घेतला, तो पुढच्या वर्षी २४ नोव्हेंबरला ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ म्हणून प्रसिद्ध झाला.