निर्वासिताने रेखाटलेली आशा

भिलाईच्या आपल्या वसाहतीत जवळजवळ प्रत्येक घर कोठून तरी आलेले आहे. १९५५ नंतर पोलाद कारखान्याच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येथे जमली. आपण आलो ते मात्र स्वखुशीने आणि गाठीशी नोकरीची आशा बांधून. येथून फारशा दूर नसलेल्या, रायपूरजवळच्या माना येथील छावणीत १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून हजारो कुटुंबे येऊन पडली. त्यांच्या गाठीशी काहीच नव्हते. रविवारच्या शाळेत निर्वासित या शब्दाचा अर्थ सांगताना आपण योसेफ, मरिया व बाळ येशू मिसर देशाकडे पळून जात आहेत, हे चित्र मुलांपुढे धरतो. परंतु मुलांना चित्रांच्या पुस्तकातून शिकवण्याची वाट ज्याने रुळवली, तो पुरुष स्वतःच निर्वासित होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव यान आमोस कोमेन्स्की. जग त्यास कोमेनिअस या लॅटिन नावाने ओळखते.

२८ मार्च १५९२ रोजी मोराव्हिया प्रांतात त्याचा जन्म झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात मोडतो. त्याचे कुटुंब यान हुसच्या परंपरेतील बंधुमंडळीचे होते. वयाची बारा-तेरा वर्षे होतात न होतात तोच आईबापांचे छत्र हरपले. लॅटिन शाळेत तो गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. तेथील घोकंपट्टी व छडी यांची त्यास जी शिसारी आली, ती जन्मभर टिकली. उशिरा शिकणाऱ्यास शिकवण्याचे दोष अधिक स्पष्ट दिसत असावेत.

१६१६ साली त्यास पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि दोन वर्षांनी फुल्नेक येथील मंडळी त्याच्याकडे सोपवण्यात आली. त्याच वर्षी तीस वर्षांच्या युद्धाचा वणवा पेटला. १६२० मध्ये प्राग शहराजवळ प्रॉटेस्टंट पक्षाचा पराभव झाला व पुढल्या वर्षी सैन्याने फुल्नेक लुटले. कोमेन्स्की लपतछपत राहिला. १६२२ साली साथीच्या रोगाने त्याची तरुण पत्नी आणि दोन्ही लेकरे दगावली. वाचकहो, हा दयाळू अंतःकरणाचा पिता तेव्हा अवघा तीस वर्षांचा होता. अखेर १६२८ च्या फेब्रुवारीत बंधुमंडळीच्या काही लोकांसह त्याने सरहद्द ओलांडली व पोलंडमधील लेश्नो या गावी आश्रय घेतला. मायभूमीत तो पुन्हा कधीही स्थायिक होऊ शकला नाही.

लेश्नो येथे तो शिक्षक झाला. १६३१ साली निघालेल्या त्याच्या लॅटिन पाठ्यपुस्तकाने युरोपभर त्याचे नाव झाले. इंग्लंड व स्वीडन येथून बोलावणी आली. १६४८ साली युद्ध संपले, परंतु तहात बोहेमियाच्या निर्वासितांना घरी परतण्याची मुभा मिळाली नाही. त्याच वर्षी तो बंधुमंडळीचा प्रमुख बिशप झाला होता. १६५० मध्ये त्याने मंडळीचे मृत्युपत्रच लिहिले. त्यात मंडळी ही मरणासन्न माता असून ती आपली ठेव लेकरांत वाटून देते, अशी कल्पना आहे.

आणि याच निराशेच्या काळात त्याने मुलांसाठी चित्रांचे पुस्तक रचले! हंगेरीतील शारोशपतक येथे तो १६५० ते १६५४ या काळात शिकवत होता. तेथे कुशल चित्रकोरक न मिळाल्याने ‘ऑर्बिस पिक्टस’, म्हणजे चित्रांतील जग, हे पुस्तक १६५८ साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे छापून निघाले. लहान मुलांसाठी मुद्दाम केलेले पहिले सचित्र पाठ्यपुस्तक म्हणून त्याची सामान्यतः गणना होते. दीडशे पाठ, प्रत्येक पाठास एक चित्र, चित्रातील वस्तूंना आकडे आणि तेच आकडे खालच्या लॅटिन व जर्मन मजकुरातील शब्दांना. अक्षरे शिकवतो तो कावळा, कोकरू आदी प्राण्यांच्या आवाजांवरून. आपला ‘अननसाचा अ’ या घराण्याचा दूरचा आप्तच म्हणावा लागेल.

मुलांपासून त्याने जगाचे दुःख लपवले नाही. वेढा पडलेल्या नगराचे चित्र त्यात आहे, आणि पाडाव झालेले नगर लुटले जाते, कधी जमीनदोस्त होते, हेही सरळ सांगितले आहे. फुल्नेक पाहिलेल्या माणसाने ते लिहिले होते. पण थोडी पाने मागे उलटा. सहनशीलतेचा पाठ येतो. तेथे एक स्त्री आशेच्या नांगराचा आधार घेऊन, अश्रू ढाळीत प्रार्थना करीत आहे. समुद्रात तारू हेलकावत आहे, आकाशात काळे ढग आहेत आणि ढगांनंतर येणारा सूर्यही आहे. त्याच्याच शेजारी माणुसकीचा पाठ आहे. माणसे एकमेकांच्या हितासाठी निर्माण झाली आहेत, हे तेथे मूल चित्रावरून शिकते.

हे पुस्तक लिहून तो लेश्नोला परतला आणि १६५६ साली ते गावही जाळले गेले. घर, ग्रंथ व चाळीसहून अधिक वर्षे खपून तयार केलेला चेक भाषेचा कोश, सारे भस्मसात झाले. येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. पोलंडवर चालून आलेल्या स्वीडनच्या राजाची त्याने उघड स्तुती केली होती आणि पोलिश लोकांचा रोष आश्रित मंडळीवर ओढवण्यास ती काही अंशी कारण झाली. थोरांच्या चरित्रांतून असे प्रसंग गाळण्याची आपल्याकडे खोड आहे. पण घर गमावलेला माणूस राजांवर भलताच भरवसा ठेवतो, तो कशापायी, हेही यावरून कळते.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तो पुन्हा बेघर झाला. अॅम्स्टरडॅम येथे एका धनिक कुटुंबाने त्यास आसरा दिला. तेथे विखुरलेल्या बांधवांसाठी मदत गोळा करीत आणि लिहीत १५ नोव्हेंबर १६७० रोजी त्याने देह ठेवला. नार्डेन गावातील एका चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

मृत्युपत्र केलेली मंडळी मात्र मेली नाही. १७२२ साली मोराव्हियातून पळालेल्या काही कुटुंबांनी जर्मनीत हेर्नहूट हे गाव वसवले, आणि १७३५ साली त्यांच्या पहिल्या बिशपास दीक्षा दिली ती कोमेन्स्कीच्याच नातवाने. पुढे त्या मोरेव्हियन मंडळीचे मिशनरी हिमालयात लाहौलमधील केलाँगला व १८८५ साली लेहला पोहोचले. लेहमध्ये त्या मंडळीचे चर्च आजही आहे आणि तिने चालवलेली मुलांची शाळाही.