कार्ल लँडस्टायनर: रक्तगट शोधणारे डॉक्टर

आई ए, वडील बी आणि बाळ ओ. नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यातला असा रिपोर्ट हातात पडला की घरात कुजबुज सुरू होते. तुमच्याही घरी असं झालं असेल, तर कार्ल लँडस्टायनर यांची ओळख करून घ्या.

त्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात झाला. वडील लवकर वारले, आईने वाढवलं. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. त्या काळी रक्त चढवल्यावर काही रुग्ण वाचत, तर काही दगावत. कारण कळत नव्हतं. लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं. काहींच्या लाल पेशी चिकटून गोळा झाल्या, काहींच्या नाही. त्यावरून १९०१ मध्ये त्यांनी तीन गट मांडले. चौथा, एबी, पुढच्या वर्षी इतरांना सापडला.

गट वारशाने कसा येतो, हे नंतरच्या संशोधकांनी उलगडलं. प्रत्येकाकडे दोन जनुकं असतात, एक आईचं, एक वडिलांचं. ए किंवा बी सोबत असेल तर ओ झाकलं जातं. आईवडील दोघांकडे असं लपलेलं ओ असेल, तर बाळ ओ गटाचं होऊ शकतं. यात संशयाला जागा नाही.

पहिल्या महायुद्धानंतर लँडस्टायनर हॉलंडला आणि पुढे न्यूयॉर्कला गेले. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९४० मध्ये त्यांनी वीनर यांच्यासोबत आरएच घटक मांडला. त्यामुळेच आज निगेटिव्ह गटाच्या गरोदर आईची वेगळी काळजी घेता येते. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी त्यांचं निधन झालं.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना एक दुर्मिळ गट सापडला, बॉम्बे रक्तगट. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण या व्यक्तीला ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. त्याचं जनुक आईवडील दोघांकडूनही यावं लागतं. म्हणून मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात त्याची शक्यता वाढते.

एबी गटाच्या पालकाचं बाळ सहसा ओ नसतं. तरी रिपोर्टमध्ये तसं दिसलं तर आधी पुन्हा तपासणी करून घ्या आणि रक्तपेढीत बॉम्बे गटाची चौकशी करा. केवळ रक्तगटाच्या कागदावरून कोणाच्याही नात्यावर बोट ठेवू नका.