आधी जात सोडली, मग बाप्तिस्मा घेतला

धर्मांतराचा विषय निघाला की दोन आरोप ठरलेले असतात. आमिषाने केले, नाहीतर दबावाने केले. बाईने धर्म बदलला असेल तर तिसराही आरोप तयार असतो, नवऱ्याच्या मागे गेली. आम्ही बौद्ध असले आरोप १९५६ पासून ऐकत आलो आहोत. म्हणून आज आम्ही लक्ष्मीबाई टिळकांविषयी लिहीत आहोत. त्यांची वाट ख्रिस्ती धर्माकडे गेली, आमची गेली नाही. तरीही त्या वाटेवरचा एक टप्पा आमच्या वाचकांनी थांबून पाहावा असा आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, गोखल्यांच्या ब्राह्मण घरातला. आईचे वडील १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फासावर गेले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळे शिरले, ते कायमचे. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, अशी तऱ्हा. हे सारे त्यांनी स्वतःच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. विनोदाने लिहिले आहे, म्हणून वाचणारे हसतात. आम्हालाही हसू येते, पण ते अर्ध्यावर थांबते. बाहेरून आलेली वस्तू धुतात, तेव्हा कोणाचा हात धुऊन काढतात हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, विद्वान, पण एका जागी न टिकणारे आणि रागीट. त्यांनीच बायकोला अक्षरओळख करून दिली. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तोही परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे तर एका देशी पाळकाच्या हातून. बायकोला विचारले नाही. ती लहान मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांकडे होती. नवरा जिवंत, घरात मात्र सुतक! टिळकांच्या मोठेपणाविषयी आम्हाला शंका नाही, पण ही गोष्ट त्यांच्या खाती जमेला धरता येणार नाही.

पुढची सुमारे पाच वर्षे हे जोडपे वेगळे राहिले. लक्ष्मीबाई नाशिकला, पंढरपूरला आप्तांच्या आधाराने दिवस काढत होत्या. येथे आमच्यातला वकील थोडा जागा होतो. १८६६ चा धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा त्या काळी लागू होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार त्या कारणाने नांदायला येत नसेल, तर कोर्टात दाद मागून ठरावीक मुदतीनंतर विवाह मोडता येत असे. टिळकांनी तो रस्ता धरला नाही. ते वाट पाहत राहिले.

अखेर लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे गेल्या, पण ब्राह्मणी म्हणूनच गेल्या. स्वतंत्र चूल, स्वतंत्र पाणी. आता नगर म्हणजे काय हे ध्यानात घ्यावे. जोतीराव फुल्यांनी ज्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली होती, ते हे अमेरिकन मिशनचे नगर. या मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे मूळची महार-मांग समाजातली. म्हणजे लक्ष्मीबाईंपुढचा प्रश्न येशू देव आहे की नाही एवढाच नव्हता. महाराच्या हातचे पाणी प्यायचे की नाही, हा तो प्रश्न होता.

आमच्या मते त्यांचे मोठेपण येथे आहे. त्यांनी आधी धर्माचा निकाल लावला नाही, जातीचा लावला. स्वतःशीच वाद घातला. देवाने माणसे केली, त्यात स्त्री आणि पुरुष हा भेद डोळ्यांना दिसतो, मग ही बाकीची उतरंड कोणी रचली, असा त्यांच्या विचारांचा रोख होता. उत्तर मिळाल्यावर त्यांनी मुहूर्त पाहिला नाही. कोणाच्याही हातचे खाईन-पिईन असे ठरवले आणि तसे केले. टिळकांनी त्यांना तसे करायला लावले नव्हते. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मुलासह. दोन पोरे पदरात असण्याच्या त्या काळात बत्तिशी म्हणजे पिकलेले वय, आणि नवऱ्याच्या बाप्तिस्म्याला पाच वर्षे उलटून गेलेली. याला नवऱ्यामागे जाणे म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

आमच्यातही दीक्षा घेऊन पोटजात पाहून सोयरीक जुळवणारे आहेत. त्यांनी हा क्रम पाहावा.

हिशेबाची दुसरी बाजूही आम्ही लपवणार नाही. ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला की त्याची जात गेली असे गाव म्हणे. महाराने घेतला तरी गावाच्या लेखी तो महारच राही. चर्चमध्येही जात सर्वत्र मेली असे नाही, बाबासाहेबांनी भारतीय ख्रिस्ती समाजावर लिहिताना हेच बोट ठेवले आहे. आणि १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने त्या ख्रिस्ती महाराची जात फक्त सवलतीच्या कागदावरून पुसली. त्या आदेशात १९५६ मध्ये शीख आले, आम्ही बौद्ध १९९० मध्ये आलो. ज्यांच्या पंगतीला लक्ष्मीबाई बसल्या, त्यांचे वारस बाहेरच राहिले.

बाप्तिस्म्यानंतर या घरात दुष्काळात उघड्या पडलेल्या पोरांना आसरा मिळाला. त्यांची जात विचारली जात नव्हती. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. जोडाक्षरे लिहिताना अडखळणाऱ्या या बाईने त्याला चौसष्ट अध्याय जोडून ते पुरे केले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग छापले जाऊ लागले. त्यांच्याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर चार महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई गेल्या. पुस्तकाचा अखेरचा भाग त्यांच्या मागे निघाला.