पडद्यामागचा ट्रम्पेट : चिक चॉकलेट

गोव्यातील हळदोणे येथे १९१६ मध्ये जन्मलेल्या आंतोनियो झेवियर वाझ यांना मुंबईने चिक चॉकलेट याच नावाने ओळखले. त्या काळी गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जाई. हीच शिदोरी घेऊन तिथले वादक मुंबईत आले. लुई आर्मस्ट्राँग हे चिक यांचे दैवत. मुंबईत त्यांची ओळखही भारताचा आर्मस्ट्राँग अशीच झाली. १९४० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात त्यांच्या वाद्यवृंदाच्या तालावर उच्चभ्रू मुंबई थिरकली.

सामान्य श्रोत्यांपर्यंत ते पोहोचले मात्र सी. रामचंद्र यांच्यामुळे. पुणतांब्याच्या या संगीतकाराच्या चालींना ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेटचा साज चढविताना चिक यांची साथ मोलाची ठरे. 'अलबेला'च्या (१९५१) गाण्यांतील उसळत्या लयीत त्यांचा वाटा मोठा. झालरींच्या बाह्यांचे सदरे घालून ते साथीदारांसह त्यात पडद्यावरही आले. भगवानदादांच्या नाचात रमलेल्या किती प्रेक्षकांनी मागच्या ट्रम्पेटवाल्याला न्याहाळले असेल, कोण जाणे!

श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक येई. वाद्यमेळ रचणारे व फुंकणारे बहुधा अनामिक राहत. चिक त्यातल्या त्यात सुदैवी. 'नादान' (१९५१) आणि 'रंगीली' (१९५२) या चित्रपटांना संगीतकार म्हणून त्यांचे नाव लागले. तरी स्वतंत्र संगीतकार म्हणून ते स्थिरावले नाहीत. अखेरपर्यंत त्यांची ओळख राहिली ती ट्रम्पेटवादकाचीच. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.