डॉ. वाइल्डर पेनफिल्ड : अपुऱ्या शस्त्रक्रियेचे फळ

परक्यांचे जे दुखणे दूर करण्यासाठी एखाद्याने आयुष्य वेचावे, तेच दुखणे त्याच्या घरी आले तर त्याने काय करावे? मेंदूच्या शस्त्रक्रियेतील अग्रणी डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांच्यापुढे इ. स. १९२८ च्या डिसेंबरात हा प्रश्न उभा राहिला.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील स्पोकेन नगरात झाला. ते आठ वर्षांचे असताना आई जीन मुलांना घेऊन हडसन गावी माहेरी आली. ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे ध्येय तिनेच मुलापुढे ठेवले आणि त्याने ते गाठले. ऑक्सफर्डला शेरिंग्टन यांच्यापाशी पेनफिल्ड यांना मज्जासंस्थेच्या अभ्यासाची गोडी लागली. १९१६ साली इंग्लिश खाडीत त्यांच्या जहाजावर पाणतीराचा हल्ला झाला. जखमी झालेले पेनफिल्ड सर विल्यम ऑस्लर यांच्या घरी राहून बरे झाले.

मेंदूत मज्जापेशींच्या जोडीला त्यांना आधार देणाऱ्या पेशीही असतात. मेंदूच्या अनेक गाठी याच आधारपेशींपासून उद्भवतात. या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट पाहण्याची विद्या पेनफिल्ड १९२४ साली माद्रिद येथे देल रिओ-ओर्तेगा यांच्याकडून शिकले. १९२८ साली ते कॅनडातील मॉन्ट्रियल येथे रुजू झाले.

तेथे काही महिने होतात न होतात तोच त्यांची मोठी बहीण रूथ उपचारांसाठी आली. तिला तरुणपणापासून अधूनमधून झटके येत असत. आता तिची दृष्टीही धोक्यात आली होती. मेंदूच्या उजव्या अग्रखंडात गाठ होती. पेनफिल्ड यांनी स्वतःच शस्त्रक्रिया केली. अग्रखंडाचा मोठा भाग काढावा लागला, तरी गाठ समूळ निघाली नाही. ती पलीकडे पसरली होती. माद्रिदला ज्या आधारपेशींचा त्यांनी अभ्यास केला होता, त्याच जातीच्या पेशींची ही गाठ निघाली. त्यांच्या ज्ञानाने गाठीचे नाव सांगितले. ती नाहीशी करणे मात्र त्यांच्या हातून झाले नाही.

रूथ घरी परतली. तिचा स्वभाव, प्रेमळपणा व स्मरणशक्ती शाबूत होती. परंतु सुमारे सव्वा वर्षाने एका पाहुण्यासाठी व घरच्यांसाठी जेवण करावयास ती उभी राहिली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ती मूळची सुगरण. सारे साहित्य समोर होते, एकदोन पदार्थ शेगडीवर चढले होते, बाकीच्यांना हातही लागला नव्हता, आणि ती गोंधळून व्याकूळ झाली होती. कोणी हाताशी येताच स्वयंपाक पार पडला. कामांचा क्रम लावण्याची शक्ती अग्रखंडाशी कशी निगडित आहे, हे त्या स्वयंपाकघरात दिसले. गाठ पुन्हा वाढली. बोस्टनच्या डॉ. हार्वे कुशिंग यांनी दुसरी शस्त्रक्रिया केली; परंतु १९३१ साली रूथ निवर्तली. १९३५ साली पेनफिल्ड यांनी हे निरीक्षण शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. भावाचे दुःख बाजूस ठेवून लिहिलेला तो वृत्तांत आजही अभ्यासला जातो.

वाचकहो, या मृत्यूने त्यांचा एक निश्चय दृढ केला. एकट्या शल्यविशारदाची बुद्धी पुरेशी नाही. शल्यविशारद, वैद्य व संशोधक एका छताखाली आले पाहिजेत. रॉकफेलर प्रतिष्ठानाने बारा लाख डॉलरांहून अधिक देणगी दिली आणि १९३४ साली मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली. तेथे गाठींचा, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आणि अपस्माराचा अभ्यास होऊ लागला. अपस्माराच्या रुग्णाला जागे ठेवून, केवळ जागा बधिर करून, मेंदूला सौम्य विद्युत्स्पर्श करीत पेनफिल्ड वाचा व हालचाल यांची केंद्रे शोधीत. रुग्ण स्वतः सांगे, बोट हलले, मुंग्या आल्या. त्यावरून काय काढावे व काय राखावे हे ठरे. कवटीबाहेरून मेंदूचे चित्र घेणारी आधुनिक यंत्रे आल्यावरही जागेपणीची ही शस्त्रक्रिया टिकून आहे.

त्या कार्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. केरळचे डॉ. जेकब चांडी पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकले आणि १९४९ साली त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातील पहिला मज्जाशल्य विभाग सुरू केला.

पेनफिल्ड यांच्या आईने अब्राहाम व सारा यांच्यावरील कथेचे हस्तलिखित अपुरे ठेवले होते. मुलाने त्यावरून कादंबरी सिद्ध केली; ती १९५४ साली निघाली. अपुरे राहिलेले काम उचलून पुढे नेणे हा जणू त्यांचा स्वभावच होता. ५ एप्रिल १९७६ रोजी ते निवर्तले.

आपल्यापैकी कोणी आजारी माणसाला घेऊन वेल्लोरच्या त्या विभागाबाहेर ताटकळत बसले असेल, तर त्याने रूथची आठवण ठेवावी. तिला वाचवता आले नाही, म्हणून तिच्या भावाने इतरांसाठी दार उघडले.