तायक्वांदोला नाव देणारे जनरल चोई कोण होते?

पाथरीत असो की परभणीत, मुलं तायक्वांदोच्या क्लासला जाऊ लागली की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले. हे कराटेच ना? आणि क्लास कोणत्या संघटनेचा? दोन्हींची उत्तरे एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात.

चोई होंग ही यांचा जन्म १९१८ मध्ये, आज उत्तर कोरियात असलेल्या भागात झाला. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. चोई शिकायला जपानला गेले आणि तिथे कराटेत ब्लॅक बेल्ट झाले. महायुद्धात त्यांना जपानी सैन्यात जावे लागले. पळून जाण्याच्या कटाच्या आरोपावरून प्योंगयांगच्या तुरुंगात डांबले गेले. १९४५ मध्ये जपान हरला, तेव्हा सुटले.

पुढे दक्षिण कोरियाच्या लष्करात ते जनरल झाले. जवानांना शिकवल्या जाणाऱ्या या कलेला १९५५ मध्ये नाव मिळाले तायक्वांदो: पाय, मूठ आणि मार्ग. ही कला तेक्योन या जुन्या कोरियन लाथांच्या खेळातून आली, असे चोई सांगत. अभ्यासक कराटेचा वाटा मोठा मानतात. म्हणजे हे कराटे नव्हे, पण नाते जवळचे आहे. चोईंना ते कबूल करणे जड गेले, यात नवल नाही.

१९६६ मध्ये त्यांनी सोलमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ (आयटीएफ) काढला. राष्ट्राध्यक्ष पार्क यांच्याशी बिनसले आणि १९७२ मध्ये ते कॅनडाला गेले. पुढच्याच वर्षी सोलमध्ये दुसरी जागतिक संघटना उभी राहिली. १९८० मध्ये चोईंनी ही कला उत्तर कोरियात नेली आणि दक्षिणेत ते देशद्रोही ठरले. २००० मध्ये सिडनी ऑलिम्पिकमध्ये तायक्वांदो पदकांचा खेळ झाला, तो दुसऱ्या संघटनेच्या नियमांनी. चोई १५ जून २००२ रोजी प्योंगयांगमध्ये वारले.

ही फूट आजही क्लासपर्यंत पोहोचते. ऑलिम्पिक पद्धतीत डोक्यावर ठोसा चालत नाही. गुण मुख्यतः लाथांवर मिळतात. चोईंच्या पद्धतीत डोक्यावर हातही चालतो. शालेय स्पर्धा ऑलिम्पिक पद्धतीने होतात, तेव्हा पुढे खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा विचार असेल तर फी भरण्याआधी संलग्नता विचारून घ्या.

चोईंच्या पद्धतीत दिवसाच्या तासांइतके, म्हणजे २४ हालचालींचे संच आहेत. पांढऱ्या पट्ट्याचा विद्यार्थी १९ हालचालींच्या 'चोन-जी'पासून सुरुवात करतो. चौथ्या संचाला वोन्ह्यो या बौद्ध भिक्खूंचे नाव आहे.